घोरणं थांबतं आणि चार दिवसांनी परत सुरू होतं, तेव्हा

रात्रीचे पावणेतीन. शेजारी करवत सुरू. मी नवऱ्याला कोपराने ढोसते, तो "हं" म्हणून कुशीवर वळतो आणि खोली एकदम शांत होते. मी डोळे मिटून पडून राहते, पण झोप काही येत नाही, कारण कान पुढच्या घोरण्याची वाट बघत बसलेले असतात. सात-आठ मिनिटांनी तो हळूच परत उताणा होतो. आधी नुसती फुरफुर, मग घरघर, मग करवत. येरे माझ्या मागल्या.

ज्यांच्या खोलीत घोरासुर आहे त्यांना यात नवीन काही नाही. उपायही सगळ्यांनी करून झालेले असतात. गंमत अशी की बरेचसे उपाय चालतात, पण थोडेच दिवस. आमच्याकडे नाकावरच्या पट्टीने तीन रात्री चमत्कार केला, चौथ्या रात्री ती नुसती नाकावर चिकटून राहिली. खास आकाराची उशी दोन आठवडे चालली. नाकात टाकायच्या थेंबांनी पाच रात्री सुखाच्या गेल्या आणि सहाव्या रात्रीपासून आधीपेक्षा वाईट. दर वेळी आम्ही "ही वस्तू भंगार आहे" असा निकाल देऊन पुढची वस्तू आणायचो. अशी दोन वर्षं गेली.

वस्तू भंगार नव्हत्या. पट्टी चालली त्या तीन रात्री नवऱ्याला सर्दी होती. सर्दी गेली, पट्टीचं काम संपलं आणि जे घोरणं उरलं ते नाकाचं नव्हतंच. हे मला खूप उशिरा कळलं, तेही वही लिहायला लागल्यावर. तुमच्याकडेही उपाय चार दिवस चालून बंद पडत असेल, तर नवीन उपाय शोधण्याआधी पुढचं वाचा.

आवाज एक, जागा चार

जागेपणी घशातले स्नायू ताठ असतात, त्यामुळे हवेची वाट उघडी राहते. झोप लागली की ते सैल पडतात आणि वाट अरुंद होते. अरुंद वाटेतून तेवढीच हवा ओढायची म्हणजे तिचा वेग वाढतो आणि आजूबाजूचा मऊ भाग वाऱ्यावर पडदा फडफडावा तसा थरथरतो. घोरणं ते एवढंच. "किती गाढ झोपलाय बघ" असं आपण कौतुकाने म्हणतो, पण घोरणं ही गाढ झोपेची खूण नाही. उलट, श्वास घ्यायला कष्ट पडताहेत एवढंच त्यातून कळतं.

थरथरणाऱ्या जागा साधारण तीन. टाळूचा मागचा मऊ भाग आणि त्याला लोंबणारी पडजीभ, ही पहिली. दुसरी जिभेचं मूळ, जे उताणं झोपल्यावर वजनानेच मागे घसरतं. तिसरी घशाच्या बाजूच्या भिंती, ज्यात टॉन्सिल आले. चौथी जागा नाक. ते स्वतः फारसं वाजत नाही, पण चोंदलं की बाकीच्यांना वाजवतं: हवा जोरात ओढावी लागते, नाहीतर तोंड उघडतं, आणि तोंड उघडलं की जबडा व जीभ दोन्ही मागे जातात.

एकाच माणसात यातल्या दोन-तीन जागा एकत्र वाजू शकतात. शिवाय त्यांचं प्रमाण रोज बदलतं. सर्दी असेल तर नाकाचा वाटा मोठा, दारू घेतली असेल तर सगळेच स्नायू सैल, उताणं झोपलं की जीभ पुढाकार घेते. म्हणून एकच उपाय रोज सारखा लागू पडत नाही. जिभेच्या घोरण्यावर नाकाची पट्टी म्हणजे आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी.

आधी वही, मग उपाय

एक आठवडा काहीही करू नका. म्हणजे नवीन काही करू नका, फक्त नोंदी ठेवा. मी फोनवर नाही, उशाशी ठेवलेल्या छोट्या वहीत लिहायचे, कारण अंधारात फोन उघडला की उरलीसुरली झोपही उडते. माझ्या पहिल्या आठवड्यातली ही पानं:

मंगळवार. ११ ला झोपला. उताणा. १२.१० ला सुरू. तोंड उघडं. ढोसल्यावर कुशीवर, लगेच बंद.

बुधवार. नाक चोंदलंय. कुशीवर असूनही आवाज, पण बारीक, शिट्टीसारखा. तोंड बंद.

शुक्रवार. मित्रांकडून आला, दोन पेग. पंधरा मिनिटांत सुरू, ३ पर्यंत. या कुशीवर, त्या कुशीवर, काही फरक नाही.

शनिवार. उताणा. ३.२० ला आवाज बंद. बराच वेळ शांत. मग मोठ्ठा आचका.

चार दिवसांत चार वेगळी घोरणी. शनिवारच्या नोंदीकडे येतेच.

वहीच्या जोडीला फोनवर रेकॉर्डिंग करा. फोन रोज त्याच जागी, उशीपासून तेवढ्याच अंतरावर ठेवा, नाहीतर कालच्या आणि आजच्या आवाजाची तुलना करता येणार नाही. घोरणं मोजणारी ॲप्स रोज सकाळी गुण देतात, त्या गुणांवर फार विसंबू नका. पंख्याचा आवाज, रस्त्यावरची गाडी, तुमचं स्वतःचं कुशी बदलणं, काहीही त्यात मोजलं जातं. ॲपचा खरा उपयोग रात्रभराचा आवाज साठवण्यापुरता. ऐकायचं आपल्याच कानांनी.

आणि रेकॉर्डिंग विचारून करा. मी पहिल्यांदा न सांगता केलं आणि चार नातेवाइकांसमोर वाजवलं. सगळे खो खो हसले, तोही हसला, आणि नंतर दोन दिवस माझ्याशी जेवढ्यास तेवढं बोलला. त्याचं बरोबरच होतं. घोरणाऱ्याला स्वतःचं घोरणं ऐकू येत नाही. त्याच्या मते तो शहाण्यासारखा झोपला होता आणि सकाळी उठून एकदम आरोपी झाला. "मी नाही घोरत" हा खोटेपणा नसतो, त्याला खरंच माहीत नसतं. पुरावा म्हणून तोंडावर फेकलेलं रेकॉर्डिंग आणि "ऐक ना, मला यातला एक भाग कळत नाहीये" म्हणून दिलेलं रेकॉर्डिंग यांत फार फरक पडतो. दुसऱ्या पद्धतीने दिलं तेव्हा त्याने ते पूर्ण ऐकलं.

शनिवारची शांतता

इथे मात्र घाई करू नका, कारण घोरण्यातला खरोखर महत्त्वाचा भाग हाच.

करवत मध्येच थांबायची ती मला आवडायची. हुश्श, थांबला एकदाचा, असं वाटायचं, आणि तेवढ्यात झोप लागली तर लागली. रेकॉर्डिंग ऐकताना मी घड्याळ घेऊन त्या शांतता मोजल्या. १४ सेकंद. १९. २३. प्रत्येकीच्या शेवटी बुडणाऱ्या माणसाने पाण्याबाहेर तोंड काढावं तसा आचका, दोन-चार मोठे श्वास, परत करवत, परत शांतता. दुसऱ्या रात्री मी जागी राहून पाहिलं. शांततेत त्याची छाती आणि पोट जोर लावत होतं, वर-खाली होत होतं, पण नाकातोंडासमोर हात धरला तर हवा नव्हती. दार बाहेरून बंद आणि आत माणूस ढकलतोय, तसं.

याला ऑब्स्ट्रक्टिव्ह स्लीप ॲप्निया म्हणतात. घशाची वाट नुसती अरुंद न होता पूर्ण मिटते. १० सेकंद किंवा जास्त वेळ श्वास अडला की तो एक प्रसंग धरतात. रक्तातला ऑक्सिजन उतरतो, मेंदू क्षणभर जागा होऊन घसा उघडतो आणि माणूस परत झोपतो. सकाळी त्याला यातलं काहीच आठवत नाही. श्वास पूर्ण अडण्याचे आणि निम्माशिम्मा अडण्याचे प्रसंग मिळून तासाला ५ पेक्षा कमी असतील तर ठीक, ५ ते १५ सौम्य, १५ ते ३० मध्यम आणि ३० च्या वर तीव्र, असा डॉक्टरांचा हिशोब असतो. तीव्र म्हणजे दर दोन मिनिटांनी एकदा गळा आवळला जाणं. उपचार न केल्यास रक्तदाब आणि हृदयाच्या तक्रारींशी त्याचा संबंध आहे. दिवसा गाडी चालवताना डुलकी लागणं हा तर लगेचचा धोका.

वहीत या गोष्टीही लिहा: आठ तास झोपूनही पेंग येणं, सकाळी डोकं दुखणं, तोंड कोरडं पडणं, रात्री दोन-तीनदा लघवीला उठणं, चिडचिड. डॉक्टर दोन प्रश्नावल्या वापरतात. एपवर्थ नावाची १९९१ सालची आहे: वाचताना, टीव्ही बघताना, गाडीत बसल्यावर अशा आठ प्रसंगांत डुलकी लागण्याची शक्यता किती, याला शून्य ते तीन गुण द्यायचे. बेरीज १० च्या वर गेली तर दिवसाची पेंग जास्त आहे असं धरतात. दुसरी स्टॉप-बँग, आठ हो-नाही प्रश्नांची: मोठ्याने घोरणं, दिवसाचा थकवा, श्वास थांबताना कुणी पाहिलंय का, रक्तदाब, वजन, पन्नाशी ओलांडली का, मानेचा घेर साधारण ४० सेंमीच्या वर आहे का, पुरुष आहे का. तीन किंवा जास्त "हो" आले तर तपासणी करून घ्यावी. "श्वास थांबताना कुणी पाहिलंय का" या प्रश्नाचं उत्तर झोपणारा देऊच शकत नाही, ते तुम्हीच द्यायचं असतं. म्हणून पहिल्या भेटीला बरोबर जा आणि रेकॉर्डिंग न्या.

जायचं कान-नाक-घसा तज्ज्ञाकडे, किंवा फुप्फुसाच्या अथवा झोपेच्या डॉक्टरांकडे. तपासणी म्हणजे एक रात्र अंगाला तारा लावून झोपणं. आता बऱ्याच जणांना ती घरीच छोट्या यंत्रावर करता येते. आमचा आकडा तासाला २१ आला आणि त्यातले बहुतेक प्रसंग उताणं झोपलेले असतानाचे. मी ढोसल्यावर मला जो आराम मिळत होता त्याचं कारणही त्याच कागदावर होतं.

दोन गट असे आहेत जिथे नुसतं घोरणंही थट्टेवारी नेऊ नये. रोज घोरणारं लहान मूल, कारण तिथे बहुधा टॉन्सिल किंवा ॲडेनॉइड (नाकाच्या मागच्या गाठी) वाढलेले असतात, आणि गरोदरपणात नव्याने घोरू लागलेली स्त्री, कारण त्याचा रक्तदाबाशी संबंध असू शकतो. दोघांनाही डॉक्टरकडे न्यायचंच.

मशीन आलं, तरी घोरणं परत आलं?

मध्यम आणि तीव्र ॲप्नियावर पहिला उपाय सीपॅप: मास्कमधून हलक्या दाबाची हवा, जी घशाला आतून टेकू देते. ऑस्ट्रेलियातल्या कॉलिन सलिव्हन यांनी १९८१ साली हा शोध प्रसिद्ध केला. त्या सुरुवातीच्या यंत्रांचं वर्णन वाचलं तर आजच्या पिढीचं यंत्र म्हणजे कुजबुजच. शेजारी झोपणाऱ्याला ऐकू येते ती एकसुरी, बारीक सळसळ.

पहिल्या रात्री दोघांनाही हसू आलं आणि दुसऱ्या रात्री त्याने झोपेतच मास्क काढून फेकला. हे फार जणांचं होतं. आम्ही काय केलं, तर संध्याकाळी जागेपणी टीव्ही बघताना अर्धा तास मास्क लावायचा, म्हणजे चेहऱ्याला सवय होते. बहुतेक यंत्रांत दाब हळूहळू वाढवण्याची सोय असते, ती चालू केली. तिसऱ्या आठवड्यात तो मास्कसकट सकाळपर्यंत झोपला.

आणि दोन महिन्यांनी, करवत! मी यंत्र बिघडलं असं धरून चाललेच होते. कारण निघालं मास्कची मऊ कड. चेहऱ्याचं तेल आणि घाम बसून ती निबर झाली होती, नाकाच्या बाजूने हवा गळत होती आणि घशापर्यंत पुरेसा दाब पोहोचतच नव्हता. मशीन लावूनही घोरणं परत आलं तर या क्रमाने पाहा: मास्कच्या कडेने गार हवा लागते का (बोट फिरवा, लगेच कळतं), पट्टे सैल झालेत का, झोपेत तोंड उघडं पडतं का, गाळणी धुळीने भरली का, आणि मधल्या काळात वजन वाढलंय का. पट्टे करकचून आवळू नका, त्याने गळती वाढते आणि नाकावर वळ उठतो. कड रोज कोमट साबणपाण्याने पुसायची. तोंड उघडं पडत असेल तर नाकाऐवजी नाक-तोंड दोन्ही झाकणारा मास्क मिळतो. यातलं काही नसेल तर दाब बदलावा लागेल, आणि तो डॉक्टरांनी बदलायचा, आपण नाही.

शांतता नसेल, नुसताच आवाज असेल

वहीत श्वास थांबल्याची नोंद नसेल आणि दिवसा पेंग नसेल, तर घरी करून बघण्यासारखं बरंच आहे. एका वेळी एकच बदल करा आणि तो किमान दहा रात्री चालू द्या. तीन गोष्टी एकदम सुरू केल्या की कुठली लागू पडली ते कधीच कळत नाही.

फक्त उताणं झोपल्यावर घोरत असेल तर तुम्ही नशीबवान. जुना उपाय चेंडूचा: टी-शर्टच्या पाठीवर, खांद्याच्या दोन पात्यांच्या मध्ये खिसा शिवून त्यात टेनिसचा चेंडू. उताणं झालं की टोचतो आणि माणूस आपोआप वळतो. तुमच्या कोपराचं काम चेंडू करतो, तेही तुम्हाला न उठवता. अडचण एकच. तो टोचतो म्हणून लोक महिन्याभरात सोडून देतात आणि घोरणं परत येतं, मग म्हणतात चेंडू चालत नाही. आमच्याकडे तिसऱ्या रात्री टी-शर्टच पलंगाखाली सापडला. मग पाठीला टेकून लांब लोड लावला, तो टिकला. कुशीवर झोपायची सवय लागायला वेळ लागतो, आणि सवय लागली असं वाटून लोड काढला की पाठ परत गादी शोधते.

डोकं उंच करायचं म्हणून उशीवर उशी ठेवू नका. हनुवटी छातीला टेकते, मान दुमडते आणि घशाची वाट आणखी अरुंद होते. पलंगाचे डोक्याकडचे पाय चार-सहा इंच उचला, नाहीतर कमरेपासून चढत जाणारी उतरती गादी वापरा.

नाकाचा संशय असेल तर आरशासमोर उभं राहून एक नाकपुडी बंद करून श्वास घ्यायला सांगा, मग दुसरी. त्यानंतर नाकाशेजारचा गाल दोन बोटांनी हलकेच बाहेर ओढून बघा. ओढल्यावर श्वास एकदम मोकळा वाटला, तर नाकावरची पट्टी उपयोगी पडण्याची शक्यता चांगली, कारण ती हेच काम करते. फरक वाटला नाही तर पट्टीवर पैसे घालवू नका. सर्दी-ॲलर्जीने नाक चोंदत असेल तर मिठाच्या पाण्याने नाक धुणं बरं, पाणी मात्र उकळून गार केलेलंच. चादरी-अभ्रे आठवड्याला गरम पाण्यात धुवा, गादीतल्या धुळीच्या किड्यांची ॲलर्जी फार जणांना असते आणि ती नेमकी रात्री छळते. नाकाचा पडदा वाकडा असेल तर ते डॉक्टरच बघून सांगतील.

आता त्या थेंबांविषयी. नाक पाच मिनिटांत मोकळं करणारे ऑक्सिमेटाझोलिन किंवा झायलोमेटाझोलिनचे थेंब तीन ते पाच दिवसांपेक्षा जास्त वापरले की नाक त्यांनाच चटावतं. थेंब उतरले की आतली त्वचा आधीपेक्षा जास्त सुजते, म्हणून पुन्हा थेंब, पुन्हा सूज. आमची सहावी रात्र ती हीच. बाटलीवर बारीक अक्षरात लिहिलेलं असतं, पण रात्री दोन वाजता बारीक अक्षरं कोण वाचतंय?

दारूचा सरळ हिशोब आहे. ती घशाचे स्नायू सैल करते. शेवटचा घोट आणि झोप यांत निदान तीन-चार तास जाऊ द्या, नाहीतर त्या रात्री दुसऱ्या खोलीत झोपा आणि वाद घालू नका. झोपेच्या काही गोळ्या आणि पेंग आणणारी ॲलर्जीची औषधंही हेच करतात. ती स्वतःहून बंद करायची नाहीत, डॉक्टरांना विचारायचं. इथे एक विनोदी चक्र असतं: घोरण्यामुळे झोप नीट होत नाही म्हणून माणूस झोपेची गोळी घेतो, आणि गोळीमुळे जास्त घोरतो.

वजनाचं सगळ्यांना माहीत असतं आणि कुणाला ऐकायचं नसतं, म्हणून थोडक्यात. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिनमध्ये बरीच वर्षं चाललेल्या पाहणीत, २००० साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षानुसार, वजन १० टक्क्यांनी उतरलं की श्वास अडण्याचं प्रमाण सुमारे २६ टक्क्यांनी उतरतं आणि १० टक्क्यांनी वाढलं की सुमारे ३२ टक्क्यांनी वाढतं. घोरणं परत येण्यामागचं हे सर्वांत गुपचूप कारण, कारण दोन-तीन किलो कधी चढतात ते कळत नाही. पण बारीक माणसंही घोरतात. जबडा लहान किंवा मागे असेल तर वजनाचा दोष नाही, त्यांना उगाच डाएटवर बसवू नका.

तोंड उघडं ठेवून घोरणाऱ्यांसाठी खालचा जबडा किंचित पुढे धरून ठेवणारा साचा दंतवैद्य मापाने बनवून देतात. जीभ जबड्याबरोबर पुढे येते. चांगला चालतो. सुरुवातीला सकाळी जबडा दुखतो, लाळ सुटते, आणि वर्षानुवर्षं वापरल्यावर दात थोडे सरकू शकतात, म्हणून मधूनमधून दाखवायला जायचं. गरम पाण्यात मऊ करून दाताखाली दाबायचे तयार साचे मिळतात, पण ते अनेकदा जाड असतात आणि बसत नाहीत. तोंडाला चिकटपट्टी लावायची जी टूम निघाली आहे, ती माझ्या मते चुकीचीच. नाक चोंदलेलं असेल किंवा ॲप्निया असेल तर एकुलती एक उघडी वाट तुम्ही बंद करताय.

जीभ आणि टाळूच्या व्यायामांवर मी आधी हसले होते. पण ते रोज, महिनोन्‌महिने केले तर घोरणं कमी झाल्याचे अभ्यास आहेत. सर्वांत मजेशीर अभ्यास स्वित्झर्लंडचा. २५ जणांपैकी काहींना चार महिने डिजरीडू हे ऑस्ट्रेलियातल्या आदिवासींचं लांबलचक फुंकवाद्य वाजवायला शिकवलं. त्यांची दिवसाची पेंग कमी झाली आणि शेजारी झोपणाऱ्यांचा त्रासही कमी झाला. २००६ साली हे ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये छापून आलं आणि २०१७ साली त्याला शांततेचं इग-नोबेल, म्हणजे हसवून विचार करायला लावणाऱ्या संशोधनाला देतात ते बक्षीस, मिळालं. रात्रीच्या शांततेसाठी दिवसा रोज भोंगा ऐकायची तुमची तयारी आहे का, ते तुम्ही बघा.

शस्त्रक्रिया शेवटी. टाळूचा भाग कापून घोरणं कमी होतं, पण काही जणांचं काही वर्षांनी परत येतं, आणि नेमकी कुठली जागा वाजते हे न पाहता केलेल्या शस्त्रक्रियेला फारसा अर्थ नाही.

तोवर तुम्ही कसं झोपायचं

झोपायच्या खोलीत सततचा आवाज ३० डेसिबलच्या आत असावा असं जागतिक आरोग्य संघटनेने १९९९ साली सांगितलंय. मोठं घोरणं सहज ५०-६० पर्यंत जातं. स्वीडनमधल्या एका माणसाचं १९९३ साली ९३ डेसिबल मोजलं गेलं आणि गिनीज बुकात नोंदलं गेलं. त्याच्या शेजारी कोण झोपत होतं याची नोंद मला सापडली नाही.

कानात घालायचे फोमचे बोळे स्वस्त आणि चांगले, पण नव्वद टक्के लोक ते चुकीचे घालतात (हा आकडा माझ्या ओळखीच्या लोकांपुरता). नुसता कानाच्या तोंडाशी खोचलेला बोळा काही करत नाही. बोळा बोटांत वळून वातीसारखा बारीक करा. दुसरा हात डोक्यावरून आणून कान वर आणि मागे ओढा, म्हणजे आतली वाट सरळ होते. बोळा आत सरकवा आणि फुगेपर्यंत वीस-तीस सेकंद बोटाने धरून ठेवा. स्वतःचा आवाज डोक्यात घुमल्यासारखा वाटला की नीट बसला. मळले की बदला. सकाळचा गजर ऐकू येणार नाही ही भीती खरी आहे, त्यावर मनगटावर थरथरणारं घड्याळ चालतं.

घोरण्याचा आवाज खालच्या पट्टीतला, जाडा असतो आणि बोळे जाड्या आवाजाला कमी अडवतात. म्हणून बोळ्यांच्या जोडीला एकसुरी आवाज लावायचा: पंखा, पावसाचं रेकॉर्डिंग, ब्राउन नॉइज (धबधब्यासारखा जाडा, सलग आवाज). तो घोरणं झाकत नाही, पण शांतता आणि करवत यांतला फरक बुजवतो. झोपमोड होते ती मुख्यतः त्या फरकाने.

तुम्ही अर्धा तास आधी झोपायला जा. साधी गोष्ट, पण आमच्याकडे बोळ्यांपेक्षा हिचा उपयोग जास्त झाला. आणि वीसेक मिनिटं झाली, झोप येत नाही आणि राग चढतोय, असं झालं तर उठून दुसरीकडे जाऊन बसा. पडून राहून घोरणी मोजली की गादीचं आणि रागाचं नातं जुळतं, मग तो गावाला गेला तरी त्या गादीवर झोप लागत नाही. माझं झालं होतं तसं.

वेगळ्या खोलीत झोपण्याला लोक उगाच भितात. आठवड्यातून दोन-तीन रात्री वेगळं झोपून दोघं ताजे उठत असतील तर संसार मोडत नाही. फक्त भांडणाच्या रात्री उशी उचलून निघू नका, दुपारी शांतपणे ठरवा. एक अट मात्र पाळा: ॲप्नियाची तपासणी झाल्याशिवाय कायमचे वेगळे झोपू नका, कारण मग त्या शांतता मोजायला कुणीच उरत नाही.

घोरणारा रूममेट असेल तर

नवऱ्याला ढोसता येतं. रूममेटला नाही. माझी शिकतानाची रूममेट अशी घोरायची की भिंतीवरचं कॅलेंडर हलतंय असं वाटायचं, आणि मी सहा महिने बोललेच नाही. नुसती सकाळी कपाट जोरात आपटायचे. शेवटी बोलले तेव्हा "तू घोरतेस" असं न म्हणता विचारलं, "तुला झोप पुरते का गं? रात्री मध्येच तुझा श्वास अडकल्यासारखा वाटतो." ती लाजली नाही, उलट म्हणाली, "अगं, मला वर्गात सारखी झोप येते." तिच्या नाकाचा पडदा वाकडा निघाला.

बोलायचं ते दिवसा, एकटीला गाठून, आणि काय करता येईल ते हातात घेऊन. रात्री दोन वाजता बोललेलं काहीही भांडणच वाटतं. परवानगी असेल तरच रेकॉर्डिंग, आणि ते मित्रांच्या ग्रुपवर अजिबात नाही.

मग पलंग हलवा. दोघांच्या उशा शेजारी असतील तर एकीने डोकं पायाकडे करायचं. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झालं की आवाज सहा डेसिबलने उतरतो. खोलीत भिंतींमुळे तेवढा उतरत नाही, पण फरक कळतो. मधे पुस्तकांचं भरलेलं कपाट आलं तर आणखी बरं. परीक्षेच्या किंवा महत्त्वाच्या कामाच्या आदल्या रात्री कोण कुठे झोपणार ते आधी ठरवा. आणि तिला सर्दी झाली की त्या आठवड्यात बोळे आठवणीने उशाशी ठेवा, त्या रात्रींवरून भांडू नका.